जाड तंतुक सार्कोमियरच्या मधोमध कोण धरून ठेवतो? टायटिनविषयी प्रश्न

प्रश्न – विज्ञानवाट

नमस्कार. मी उच्च माध्यमिक वर्गांना जीवशास्त्र शिकवते. स्नायूंचे आकुंचन समजावताना मी नेहमीप्रमाणे फळ्यावर सार्कोमियरची, म्हणजे स्नायुतंतूतल्या आकुंचनाच्या सर्वांत लहान एककाची, आकृती काढली: दोन टोकांना झेड-रेषा, त्यांना जोडलेले ॲक्टिनचे बारीक तंतुक आणि मधोमध मायोसिनचे जाड तंतुक. तंतुक एकमेकांवरून सरकतात, त्यांची स्वतःची लांबी बदलत नाही, हे सांगून झाल्यावर एका विद्यार्थिनीने विचारले की, ॲक्टिन तर झेड-रेषेला बांधलेले आहे, पण मायोसिनच्या तंतुकाची दोन्ही टोके आकृतीत मोकळीच दिसतात. मग तो बरोबर मध्यावर कसा राहतो, ओढताना एका बाजूला का घसरत नाही?

मी सार्कोमियरच्या मध्यावरच्या एम-रेषेचा उल्लेख केला, पण बोलता बोलताच माझ्या लक्षात आले की ते उत्तर अपुरे आहे. एम-रेषा जाड तंतुकांना एकमेकांशी बांधते. ती सगळी जुडी मिळून एका झेड-रेषेकडे सरकली, तर तिला अडवणारे त्या आकृतीत काहीच नाही.

घरी येऊन मी थोडा हिशेब केला. बेडकाच्या स्नायूत जाड तंतुकाची लांबी सुमारे १.६ मायक्रोमीटर आणि प्रत्येक बारीक तंतुकाची सुमारे १ मायक्रोमीटर धरली, तर सार्कोमियर ३.६ मायक्रोमीटरच्या पुढे ताणल्यावर दोन्ही तंतुकांची टोके एकमेकांपासून पूर्ण सुटायला हवीत. तरीही स्नायुतंतू तेथे तुटून पडत नाही, आणि ताण सोडला की सारे पूर्ववत होते. ‘टायटिन नावाचे लवचीक प्रथिन’ असे एक वाक्य मी वाचले आहे, पण ते नेमके कसे बसवलेले असते, एवढे प्रचंड का असते आणि ते खरोखर रबरासारखे ताणले जाते का, हे मला नीट समजून घ्यायचे आहे. स्नायूभोवतीच्या संयोजी ऊतींच्या आवरणामुळे ही लवचिकता येते, असेही शिकल्याचे आठवते. त्यात तथ्य किती?

प्रतिसाद – तंतुक

आपल्या विद्यार्थिनीने जो प्रश्न विचारला, तोच प्रश्न स्नायूंच्या अभ्यासकांनाही बराच काळ अडवून बसला होता, त्यामुळे सुरुवात तेथूनच करतो.

१९५४ साली जपानी शरीरक्रियाशास्त्रज्ञ रेइजी नातोरी यांनी बेडकाच्या एकेका स्नायुतंतूवरील पातळ पटल तेलाखाली ठेवून अत्यंत बारीक सुयांनी सोलून काढले. बाहेरचे आवरणच काढून टाकल्यावर उरलेला गाभा ताणला, तर तो स्वतःहून पुन्हा आखडतो, असे त्यांना दिसले. म्हणजे लवचिकतेचा मोठा भाग तंतूच्या आतच कोठेतरी होता. पुढे १९७७ मध्ये कोस्चाक मारुयामा यांनी आतील लवचीक प्रथिनाला ‘कनेक्टिन’ असे नाव दिले, आणि १९७९ मध्ये कुआन वांग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्नायूतील एक अतिविशाल प्रथिन वेगळे ओळखून त्याला ‘टायटिन’ म्हटले. दोन्ही नावे एकाच प्रथिनाची आहेत. दुसरे अधिक रुळले.

आता रचना. टायटिनचा एकच रेणू झेड-रेषेपासून एम-रेषेपर्यंत, म्हणजे सार्कोमियरच्या अर्ध्या लांबीइतका पसरलेला असतो. एकच प्रथिन-साखळी सुमारे एक मायक्रोमीटर अंतर पार करते, हे मला आजही विलक्षण वाटते. तिचे अमिनो टोक झेड-रेषेत रुतलेले असते, आणि तेथे शेजारच्या दोन टायटिन रेणूंची टोके टेलेथोनिन नावाचे एक छोटे प्रथिन एकमेकांना घट्ट बांधून ठेवते. कार्बोक्सिल टोक एम-रेषेत असते. जाड तंतुकाच्या प्रत्येक अर्ध्या भागावर असे सहा रेणू असतात, असे सर्वसाधारणपणे मानले जाते.

पण या संपूर्ण लांबीत लवचीक भाग एकच आहे, आणि आकृती काढताना नेमकी येथेच चूक होते. ए-पट्ट्यात, म्हणजे जाड तंतुकाच्या बाजूने जाणारा टायटिनचा भाग मायोसिनला चिकटलेला असतो आणि व्यवहारात ताणला जात नाही. ताणला जातो तो आय-पट्ट्यातला, म्हणजे झेड-रेषा आणि जाड तंतुकाचे टोक यांच्या मधला भाग. त्यामुळे प्रत्येक जाड तंतुकाला दोन्ही बाजूंनी स्प्रिंगा लावल्यासारखी व्यवस्था होते. तंतुक डावीकडे सरकला की उजवीकडच्या स्प्रिंगा अधिक ताणल्या जातात आणि त्याला परत ओढतात. आपल्या विद्यार्थिनीला थेट उत्तर द्यायचे, तर ते हेच आहे.

याचा प्रायोगिक पुरावा १९८६ मध्ये मिळाला, आणि तो प्रयोग मला फार सुंदर वाटतो. आयनीकारी किरणांचा मारा केला की जो रेणू जितका मोठा, तितकी त्याला इजा होण्याची शक्यता अधिक. म्हणून किरणांची मात्रा कमी ठेवली, तर ॲक्टिन आणि मायोसिन बऱ्याच अंशी वाचतात, पण टायटिन आणि नेब्युलिन ही महाकाय प्रथिने तुटतात. अशा तंतूंना ताणल्यावर त्यांचा विश्रांतीतला ताण घटलेला दिसला, आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली जाड तंतुकांची सरळ रांग विस्कटलेली आढळली. काही तंतुक मध्य सोडून एका बाजूला गेले होते.

रबरासारखे ताणले जाते का, या प्रश्नाचे उत्तर बऱ्याच अंशी ‘होय’ असे आहे, पण ते टप्प्याटप्प्याने घडते. आय-पट्ट्यातील टायटिनमध्ये दोन प्रकारचे भाग आहेत. एक, इम्युनोग्लोब्युलिन प्रकारच्या लहान घट्ट घड्यांची लांब माळ. प्रत्येक घडी सुमारे शंभर अमिनो आम्लांची. दुसरा, ‘पीईव्हीके’ नावाचा भाग, ज्यात प्रोलिन, ग्लुटामेट, व्हॅलिन आणि लायसिन या अमिनो आम्लांचे प्राबल्य असते आणि ज्याला ठरावीक घडी जवळजवळ नसतेच. स्नायू थोडा ताणला की आधी माळ सरळ होते: मणी जसेच्या तसे राहतात, फक्त त्यांच्यामधला वळसा जातो. त्यासाठी फारसे बळ लागत नाही. माळ सरळ झाली की पीईव्हीके भाग उलगडू लागतो, आणि मग ताण झपाट्याने चढतो.

पीईव्हीके भाग परत का आखडतो, हे विद्यार्थ्यांना सांगण्यासारखे आहे. अस्ताव्यस्त साखळीला गुंतून बसण्याचे असंख्य मार्ग असतात, पण ताठ उभे राहण्याचे मार्ग फार थोडे. उष्णतेच्या सततच्या धक्क्यांमुळे ती पुन्हा गुंतलेल्या अवस्थेकडे जाते, आणि हाच आपल्याला जाणवणारा खेच. रबराची लवचिकताही एन्ट्रॉपीच्या याच तत्त्वावर चालते, त्यामुळे आपण वापरलेली तुलना वरवरची नाही.

प्रतिसाद – जेलपट्टी

‘तंतुक’ यांनी रचना उत्तम मांडली आहे. मी प्रयोगशाळेत हे प्रथिन प्रत्यक्ष हाताळते, म्हणून त्याच्या आकाराबद्दल थोडे लिहिते. ‘प्रचंड’ हा शब्द वाचून त्याची कल्पना येत नाही.

मानवी हृदयातील टायटिनचा संपूर्ण अनुक्रम १९९५ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा त्यात २६,९२६ अमिनो आम्ले मोजली गेली. सांगाड्याच्या स्नायूंतील प्रकार याहूनही लांब असतात. रेणुभार ३० ते ३७ लाख डाल्टनांच्या घरात जातो. ॲक्टिनचा रेणुभार साधारण ४२ हजार डाल्टन आहे, हे शेजारी ठेवून पाहावे.

एवढे विपुल प्रथिन इतकी वर्षे नजरेआड का राहिले, याचे उत्तर मला जेल चालवताना मिळाले. प्रथिने वेगळी करण्यासाठी आपण नेहमी जे दाट पॉलिॲक्रिलामाइड जेल वापरतो, त्याच्या छिद्रांत टायटिन शिरतच नाही. रंग दिल्यावर ते नमुना भरण्याच्या खाचेच्या काठाशी एक धूसर रेघ म्हणून अडकलेले दिसते, आणि अनुभव नसलेला माणूस ती रेघ न विरघळलेला गाळ समजून सोडून देतो. टायटिन खाली उतरवायचे, तर जेल इतके विरळ करावे लागते की ते काचेवरून उचलताना दह्याच्या सायीसारखे हातात फाटते. म्हणून आम्ही त्यात आधारासाठी ॲगरोज मिसळतो किंवा सरळ ॲगरोजचेच जेल उभे चालवतो.

अशा जेलवर वरच्या भागात दोन पट्टे दिसू शकतात. वरचा टी-१ म्हणजे अखंड टायटिन, खालचा टी-२ म्हणजे त्याचा तुटलेला तुकडा. सुरुवातीच्या दिवसांत मी एक नमुना प्रथिने तोडणाऱ्या विकरांचे अवरोधक न घालता रात्रभर थंड ठेवला होता. सकाळी टी-१ जवळजवळ नाहीसा झाला होता आणि टी-२ ठसठशीत दिसत होता. सहा आठवड्यांचे काम वाया गेल्याचे दुःख झाले, पण एक गोष्ट मनात कायमची ठसली: आय-पट्ट्यातला उघडा, घडी नसलेला भाग विकरांना सहज सापडतो, आणि मायोसिनला बिलगून असलेला ए-पट्ट्यातला भाग त्यामानाने टिकून राहतो. लवचिकतेची ही किंमत मी जेलवर डोळ्यांनी पाहिली.

‘तंतुक’ यांच्या ‘मणी जसेच्या तसे राहतात’ या वाक्याला एक पुस्ती जोडते. १९९७ मध्ये ॲटॉमिक फोर्स सूक्ष्मदर्शकाच्या सुईने टायटिनचा एकेक रेणू ओढून पाहिला गेला, तेव्हा बळाचा आलेख करवतीच्या दातांसारखा आला. प्रत्येक दात म्हणजे एक इम्युनोग्लोब्युलिन घडी उलगडण्याचा क्षण. दातांमधले अंतर २५ ते २८ नॅनोमीटर होते आणि त्या वेगाने ओढताना बळ १५० ते ३०० पिकोन्यूटन लागत होते. जिवंत स्नायूत हालचालीदरम्यान अशा घड्या किती प्रमाणात उलगडतात, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. सुईने ओढण्याचा वेग आणि स्नायूतला वेग यांत मोठा फरक असल्यामुळे प्रयोगशाळेतला बळाचा आकडा जसाच्या तसा शरीरातल्या स्नायूला लावू नये, असे माझे मत आहे.

विज्ञानवाट

दोघांचेही मनापासून आभार. जेलवरच्या दोन पट्ट्यांचे वर्णन मी वर्गात नक्की सांगणार आहे. यातून आणखी एक प्रश्न निर्माण होतो. टायटिनचे जनुक एकच असेल, तर पायाचा स्नायू सहज ताणला जातो आणि हृदयाची भिंत मात्र लवकर ताठर होते, हे कसे? आणि संयोजी ऊतींचा प्रश्न अजून बाकी आहे.

प्रतिसाद – हृद्गती

माझे काम हृदयरोगांशी संबंधित आहे, म्हणून या प्रश्नाचे उत्तर मी देतो.

जनुक एकच आहे, दुसऱ्या गुणसूत्रावरचे, आणि त्यात ३६३ एक्झॉन, म्हणजे प्रथिनाची माहिती असलेले तुकडे, आहेत. आरएनएची काटछाट करताना त्यांतले कोणते ठेवायचे आणि कोणते गाळायचे, हे प्रत्येक ऊतीत वेगळे ठरते. परिणाम किती मोठा असतो, हे पीईव्हीके भागात स्पष्ट दिसते: हृदयातील ताठर प्रकारात तो अवघा १६३ अमिनो आम्लांचा, तर पोटरीतील सोलियस स्नायूत तब्बल २,१७४ अमिनो आम्लांचा. दोन स्प्रिंगांना समान अंतर ताणले, तर आखूड स्प्रिंगेतला प्रत्येक वेढा जास्त ताणला जातो. हृदयाची भिंत लवकर ताठर होते, यामागचे मुख्य कारण हे आहे.

हृदयात दोन प्रकारचे टायटिन शेजारी शेजारी असतात: आखूड आणि ताठर एन२बी, आणि लांब आणि सैल एन२बीए. गर्भावस्थेत हृदयात लांब, सैल प्रकारांचे वर्चस्व असते. जन्मानंतर एन२बीचे प्रमाण वाढत जाते. या काटछाटीवर आरबीएम२० नावाचे प्रथिन नियंत्रण ठेवते. त्याच्या जनुकात दोष असेल, तर टायटिन प्रमाणाबाहेर लांब राहते आणि हृदयाचे गंभीर आजार उद्भवतात.

काटछाट बदलायला दिवस किंवा आठवडे लागतात, पण हृदयाला क्षणाक्षणाला जुळवून घ्यावे लागते. त्यासाठी फॉस्फेटची व्यवस्था आहे. ॲड्रेनॅलिनचा प्रभाव वाढला की प्रोटीन कायनेज-ए हे विकर टायटिनच्या आय-पट्ट्यातील एन२बी नावाच्याच भागाला फॉस्फेट जोडते आणि स्प्रिंग थोडी सैल होते. धडधड वाढलेली असताना दोन ठोक्यांमधल्या अपुऱ्या वेळात हृदय भरून घ्यायचे, तर हे उपयोगी पडते. उलट, प्रोटीन कायनेज-सीचा अल्फा प्रकार पीईव्हीके भागाला फॉस्फेट जोडतो, तेव्हा ताठरपणा वाढतो. आकुंचन व्यवस्थित असूनही हृदय नीट सैल होत नाही, अशा हृद्-अपयशाच्या रुग्णांत एन२बी भागावरील फॉस्फेट कमी झालेले आणि स्नायुपेशी ताठर झालेल्या आढळल्या आहेत.

संयोजी ऊतींबद्दल: दोन्ही बाबी खऱ्या आहेत, फक्त त्यांच्या कामाचे टप्पे वेगळे आहेत. हृदयात सार्कोमियरची लांबी नेहमीच्या मर्यादेत असताना बहुतांश निष्क्रिय ताण टायटिन पेलते. त्या मर्यादेपलीकडे ताणले की कोलॅजनचे धागे ताठ होतात आणि पुढचा भार घेतात. सांगाड्याच्या संपूर्ण स्नायूत कोलॅजनच्या आवरणाचा वाटा याहून मोठा असतो. त्यामुळे आपण शिकलेले वाक्य चूक नव्हते, अपुरे होते.

एक गोष्ट आवर्जून सांगतो. डायलेटेड कार्डिओमायोपॅथी, म्हणजे हृदय फुगत जाऊन त्याची पंप करण्याची ताकद घटणे, हा आजार घराण्यात चालत आलेला असेल, तर साधारण चारपैकी एका रुग्णात टायटिनचे जनुक मध्येच खंडित करणारे उत्परिवर्तन सापडते. हे निदान २०१२ पर्यंत मोठ्या प्रमाणावर शक्यच नव्हते, कारण एवढे लांब जनुक जुन्या पद्धतीने वाचणे फार खर्चिक होते. मात्र अशी उत्परिवर्तने काही निरोगी व्यक्तींतही आढळतात. बदल अशा एक्झॉनमध्ये असेल, जो हृदयात एरवीही गाळलाच जातो, तर सहसा काही बिघडत नाही. ए-पट्ट्याच्या भागात असेल, तर धोका जास्त. त्यामुळे जनुकीय अहवालातील एका ओळीवरून कोणी घाबरून जाऊ नये, आणि कोणी निर्धास्तही राहू नये. हृदयाची सोनोग्राफी आणि कुटुंबाचा इतिहास शेजारी ठेवूनच त्या ओळीचा अर्थ लावावा लागतो.

प्रतिसाद – तंतुक

‘एवढे प्रचंड का’ हा भाग माझ्याकडून राहिला होता. केवळ स्प्रिंग हवी असती, तर आय-पट्ट्यापुरता तुकडा पुरला असता. उरलेला बराच मोठा भाग मोजपट्टीचे काम करतो. ए-पट्ट्यात टायटिनच्या घड्या ठरावीक क्रमाने येतात: अकरा घड्यांचा एक संच, आणि असे अकरा संच एकामागोमाग. प्रत्येक संचाची लांबी सुमारे ४३ नॅनोमीटर भरते, आणि मायोसिनच्या तंतुकातील पुनरावृत्तीचे अंतरही तेवढेच आहे. जाड तंतुकाची लांबी सर्वत्र इतकी काटेकोर कशी राहते, याचे स्पष्टीकरण येथे असावे, असा अंदाज फार पूर्वीपासून होता. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात उंदरांच्या टायटिनमधले यांतले दोन संच काढून टाकले, तेव्हा जाड तंतुक खरोखर आखूड झाले आणि उंदरांना हृदयविकार जडला.

बारीक तंतुकासोबतही नेब्युलिन नावाचे महाकाय प्रथिन असते, ६ ते ९ लाख डाल्टनांचे. ते मात्र ताणले जाणारे नाही. ॲक्टिनला बिलगून ते बारीक तंतुक स्थिर ठेवते. त्याच्या जनुकातील दोषांमुळे नेमालिन मायोपॅथी हा स्नायुदौर्बल्याचा आजार होतो. महाकाय म्हटले की लवचीक, असे समीकरण विद्यार्थ्यांच्या मनात बसू नये, म्हणून हा उल्लेख.

सक्रिय आकुंचनात टायटिनचा हात आहे का, हा आज चर्चेतला प्रश्न आहे. आकुंचन पावलेला स्नायू बाहेरच्या बळाने ताणला, उदाहरणार्थ जिना उतरताना मांडीचा, तर निव्वळ मायोसिनच्या हिशेबाने यावा त्याहून अधिक ताण निर्माण होतो आणि नंतरही काही काळ टिकतो. कॅल्शियममुळे पीईव्हीके भाग थोडा ताठर होतो, हे दाखवले गेले आहे. टायटिनचा आय-पट्ट्यातील एन२ए नावाचा भाग त्या वेळी ॲक्टिनला चिकटून स्प्रिंगेची मोकळी लांबी कमी करत असावा, असे एक मत आहे. मला ते पटण्यासारखे वाटते, पण पाठ्यपुस्तकात ते सिद्ध सत्य म्हणून छापण्याइतका पुरावा अजून जमलेला नाही.

विज्ञानवाट

आज मी नवी आकृती काढली: झेड-रेषेपासून जाड तंतुकाच्या टोकापर्यंत नागमोडी रेघ, आणि तेथून एम-रेषेपर्यंत तंतुकाला लागून सरळ रेघ. प्रश्न विचारणारी विद्यार्थिनी थोडा वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, “स्नायू खूपच आखडला आणि जाड तंतुक झेड-रेषेच्या अगदी जवळ गेला, तर मग ही स्प्रिंग पूर्ण ढिली पडेल ना?” मी उत्तर उद्यावर ठेवले आहे.

प्रतिसाद – हृद्गती

तिला सांगा की ढिली पडण्याची अवस्था येते, पण ती सुमारे १.९ मायक्रोमीटर लांबीच्या आसपास. त्याहूनही सार्कोमियर आखडला, तर जाड तंतुकाचे टोक टायटिनच्या झेड-रेषेजवळच्या, ॲक्टिनला जखडलेल्या भागावरून पुढे सरकते. टायटिनची लवचीक साखळी मग उलट्या दिशेने ताणली जाते आणि तंतुकाला झेड-रेषेपासून दूर ढकलते. डावे निलय रक्त बाहेर फेकून पुरेपूर आखडते तेव्हा हे घडते, आणि त्यानंतर ते पुन्हा फुलताना पहिल्या क्षणी अलिंदातले रक्त आत खेचून घेते, त्या खेचण्यात या उलट्या ताणाचाही वाटा असतो.